एम४ मॅकबुक एअर घ्यावा का?

प्रश्न : माझ्याकडे २०२० चा, ८ जीबी मेमरीचा (रॅम), ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर लॅपटॉप आहे. काम भाषांतराचे, अधूनमधून व्हिडिओ संपादनाचे. मार्च २०२५ मध्ये आलेला एम४ चिपचा घ्यावा का?

उत्तर : प्रोसेसरच्या वेगापेक्षा मेमरीकडे आधी पाहावे, कारण ती चिपलाच जोडलेली असल्याने नंतर वाढवता येत नाही आणि एम४ मध्ये ती किमान १६ जीबी मिळते. संपादन करताना ब्राउझर उघडताच यंत्र अडखळत असेल, तर हा फरक लगेच जाणवेल. झाकण उघडे ठेवून दोन बाह्य पडदेही जोडता येतात. मूळ मजकूर एकावर, भाषांतर दुसऱ्यावर. फाइलींसाठीची किमान साठवण मात्र २५६ जीबीच, हे खटकते. पंखा याही यंत्रात नाही, त्यामुळे दीर्घ व्हिडिओची अंतिम फाइल तयार (एक्सपोर्ट) करताना ते तापून मंदावते. केवळ भाषांतरासाठी बदल अनावश्यक आहे.