पेशीपटलाचा आकार लिपिडांच्या मांडणीने कसा बदलतो?

आपला प्रश्न असा आहे की, पेशीपटल सगळीकडे लिपिडांच्या (म्हणजे मेदवर्गीय रेणूंच्या) दुपदरी थराचेच असताना ते कुठे खोलगट, तर कुठे काट्यांसारखे वर आलेले का दिसते, आणि हे सारे प्रथिनेच घडवतात का. प्रथिनांचा वाटा मोठा आहेच. पण पुण्यातल्या एका महाविद्यालयात हा विषय शिकवताना मला सतत जाणवते की, आकृतीत सगळी लिपिडे एकाच मापाची काढलेली असल्यामुळे खरा मुद्दा विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटतो.

लिपिडांचे रेणू मुळात एका घडणीचे नसतात. फॉस्फॅटिडिलकोलीन या लिपिडाचे पाण्याकडे वळलेले डोके आणि थराच्या आत दडलेल्या त्याच्या दोन शेपट्या साधारण सारख्याच रुंद असल्याने त्याचा थर सपाट राहतो. एकच शेपटी असलेल्या लायसोलेसिथिनचे डोके मात्र तुलनेने रुंद असते, त्यामुळे ते ज्या पदरात शिरते तो पदर डोक्यांच्या बाजूला फुगू पाहतो. रेणू कोणत्या पदरात आहे, याला म्हणूनच फार महत्त्व येते. उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी आक्रसली की कडा उचलल्या जातात, तसेच एकमेकांना बिलगलेल्या या दोन पदरांच्या क्षेत्रफळात टक्काभर फरक पडला तरी पटल वळते. फॉस्फोलिपिडे, म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीनसारखी फॉस्फेटयुक्त लिपिडे, आपणहून पदर सहसा बदलत नाहीत, त्यामुळे हा फरक टिकून राहतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे तांबडी रक्तपेशी. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब मिठाच्या समतुल्य द्रावणात मिसळून त्यात किंचित लायसोलेसिथिन घातले, तर ते बाहेरच्या पदरात शिरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मध्ये दबलेल्या गोल पेशींच्या कडा आधी दातेरी होतात आणि मग सर्वांगावर काटे उमटतात. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन घातले की ते हा रेणू ओढून घेते आणि पेशी पूर्ववत होतात. हे पाहिलेला विद्यार्थी दुपदरी थर पुन्हा विसरत नाही, असा माझा अनुभव आहे. याउलट क्लोरप्रोमॅझिन हे धनभारित औषध फॉस्फॅटिडिलसेरीन हे ऋणभारित लिपिड असलेल्या आतल्या पदरात साठते आणि पेशी वाटीसारखी होते. या दोन्ही बदलांची सांगड शीट्झ आणि सिंगर या संशोधकांनी १९७४ मध्ये घातली. फॉस्फॅटिडिलसेरीन आतच राहावे म्हणून पेशी फ्लिपेज या विकराकरवी सतत एटीपी (पेशीतला ऊर्जावाहक रेणू) खर्च करते, यावरून या मांडणीचे मोल कळते.

एकाच पदरातली मांडणीही आकार बदलू शकते. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन ही लिपिडे एकत्र येऊन घट्ट ठिगळे तयार होतात, त्यांच्या सीमेवर ताण असतो, आणि सीमेची लांबी कमी करण्याच्या ओढीने ठिगळ कळीसारखे बाहेर येऊ शकते. निव्वळ लिपिडांपासून बनवलेल्या कृत्रिम पुटिकांमध्येही (पटलाच्या पोकळ फुग्यांमध्ये), म्हणजे एकही प्रथिन नसताना, असा उंचवटा दिसून आला आहे.