पहिली बाईक छोटी घेतली तर वर्षभरात पस्तावेन का?

लर्निंग लायसन्स हातात आहे, पक्क्या लायसन्सची परीक्षा तोंडावर आली आहे आणि घरात गाडीवरून वाद पेटलेत, अशी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी अधूनमधून येतात. सांगायला सुरुवात करतात ती झोप लागत नाही, चिडचिड होते इथून. गाडीचा विषय निघायला थोडा वेळ जातो. मी स्वतः बाईक चालवते, पण कुठली गाडी घ्यावी हे सांगणं माझं काम नाही. निर्णय कुठे अडलाय ते शोधायला मात्र मी मदत करू शकते.

ही गोष्ट सत्ताविशीतल्या एका मुलीची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती मोठ्या भावाच्या गाडीवर शिकत होती आणि परीक्षेत एकदा नापास झाली होती. आठचा आकडा काढताना गाडी बंद पडली आणि पाय खाली टेकला. "दादा म्हणतो, आत्ताच मोठी घे. छोटी घेतलीस तर वर्षभरात कंटाळशील आणि विकताना पैसे जातील ते वेगळेच. आई म्हणते, बिनगिअरची स्कूटर घे आणि विषय संपव. मला बाईकच हवी आहे, पण हल्ली दादाची गाडी नुसती दिसली तरी पोटात गोळा येतो. मॅडम, मी भित्री आहे का?"

मी विचारलं, भीती नेमकी कधी वाटते? "गाडी चालवताना," ती म्हणाली. एवढ्या उत्तरावर पुढे जाता येत नाही. म्हणून तिला एक वही करायला सांगितली. गाडी पार्किंगमधून मागे ओढणं, स्टँड काढणं, पहिला गिअर, मोकळ्या रस्त्यावरचा वेग, ब्रेक, चढावर थांबणं, यू-टर्न असं एकेक वेगळं लिहायचं आणि प्रत्येकापुढे 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा टाकायचा. ही पद्धत जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये भीतीच्या पायऱ्या पाडून खालून वर चढण्याचा उपचार मांडला, आणि 0 ते 100 ची मोजपट्टीही त्यांचीच.

वही घेऊन आली तेव्हा ती स्वतःच चकित झाली होती. मोकळ्या रस्त्यावरच्या वेगापुढे आकडा अगदी किरकोळ होता. सगळे मोठे आकडे थांबलेल्या किंवा रांगणाऱ्या गाडीचे होते, आणि मागे दादा उभा असला की प्रत्येक आकडा आणखी वर गेला होता. तिला भीती वेगाची नव्हतीच. चारचौघांत उभ्या गाडीसकट आडवं होण्याची होती.

आणि ती भीती खोटीही नव्हती. दादाची गाडी दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे तिच्या वजनाच्या जवळपास चौपट. सरळ उभी असताना अशी गाडी बोटांवरही तोलता येते, पण थोडी कलली की भार टायरवरून सरकून पायावर येतो. तिचे तर फक्त चवडे टेकत होते. अशा वेळी "हिंमत ठेव" म्हणण्याला काही अर्थ नसतो.

गाडी बघायला जाणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. माहितीपत्रकातला सीटच्या उंचीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपासून आणखी लांब जातात. शॉकॲब्सॉर्बर मऊ असतील तर बसल्यावर गाडी दबते आणि पाय पोचतात. म्हणून रोज घालणार तेच बूट घालून प्रत्यक्ष बसून पाहावं. वजनही पेट्रोल-ऑइल धरून दिलंय की कोरडं, हे विचारावं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे 15 लिटरची भरलेली टाकी अकरा किलोंची, आणि ते ओझं गाडीत वरच्या बाजूला. इंजिन बंद ठेवून गाडी थोड्या उतारावरून मागे ओढून पाहा, हँडल पूर्ण वळवून ढकलून पाहा. शोरूममध्ये हे करताना संकोच वाटतो, माहीत आहे. तरी करा.

आता परीक्षेचं. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की काम जितकं अवघड, तितका थोडासाही जास्तीचा ताण ते बिघडवतो. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, रांगत्या वेगाने आठ काढणं नवख्यासाठी अवघडच काम आहे. भीतीने हात ताठरतात, नजर वळणाच्या पुढे जायच्याऐवजी पुढच्या चाकावर खिळते, क्लच झटक्यात सुटतो आणि गाडी बंद पडते. तिचं नापास होणं तंतोतंत असंच होतं. तिने त्याचा अर्थ "मला जमत नाही" असा लावला, दादाने "सराव कमी पडला" असा. गाडी अंगापेक्षा जड आहे, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

दादाचं म्हणणं मात्र मी उडवून लावलं नाही. गाडी लवकर बदलली तर पैसे जातातच. शिवाय लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांच्या तपासणीवरून 1981 मध्ये निघालेल्या हर्ट अहवालात अशी नोंद आहे, की अपघातातल्या निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. रस्त्यावरचा त्यांचा एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा होता. म्हणजे गाडी बदलली की माणूस पुन्हा थोडा नवखा होतो. हे दादाच्या बाजूने जातं. पण रस्ता शिकणं आणि अवजड गाडी सांभाळणं ही दोन्ही ओझी एकाच वेळी घेण्यापेक्षा ती वेगवेगळ्या वर्षांत घ्यावीत, असं मला वाटतं. युरोपीय संघातले परवाने याच हिशेबाने पायऱ्यांचे आहेत: आधी 125 सीसी आणि 11 किलोवॅट ताकदीपर्यंतची गाडी, मग 35 किलोवॅटपर्यंतची. त्या मधल्या परवान्यावर दोन वर्षं काढल्यावरच पायरीपायरीने जाणाऱ्याला मोठी गाडी मिळते. तिथे वर्षभरात कंटाळून चालतच नाही!

आईच्या स्कूटरबद्दलही बोललो. बिनगिअरची गाडी हा कमीपणा नाही, पण अनेक ठिकाणी तिच्यावर परीक्षा दिली की परवानाही तेवढ्यापुरताच मिळतो. तिला गिअरची गाडीच चालवायची होती, त्यामुळे तो रस्ता तिच्यासाठी आडवळणाचा होता.

आम्ही ठरवलं ते असं: परीक्षा होईपर्यंत दादाची गाडी बंद. प्रशिक्षण केंद्रातली हलकी गाडी, मोकळं मैदान, आणि वहीतल्या छोट्या आकड्यापासून वर. आधी नुसतं ढकलणं, मग चालण्याच्या वेगाने सरळ रेषा, मग रुंद वळण, मग अरुंद, मग चढ. चढावर ती बराच काळ अडली. "दादा बघतोय" ही पायरी शेवटची ठेवली, आणि त्यालाही बजावलं की बघायचं, बोलायचं नाही. त्याला ते जड गेलं.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. गाडी घेतली ती वापरलेली, हलकी, एक सिलिंडरची, दोन्ही पाय टेकतील अशी आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली. पहिली गाडी एकदा-दोनदा आडवी होणारच. आधीच ओरखडे असलेल्या गाडीवर आणखी एक पडला तर जीव तुटत नाही.

हे सगळ्यांना लागू होईल असं नाही. अपघातानंतर तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर गाडी निवडण्याआधी उपचार घ्यावेत. ज्याला कुठल्याच आकड्याची भीती वाटत नाही, अशा मुलाला मी निराळे प्रश्न विचारते.

सध्या ती मागे कुणाला बसवायचं यावर अडली आहे. मागे माणूस बसला की थांबतानाचा तोल पुन्हा बदलतो, म्हणून वहीत नवं पान सुरू झालंय. सुरुवात मोकळ्या मैदानात, आणि मागे बसणारा स्वतः गाडी चालवणारा असावा, हे आमचं ठरलंय. दादा एका पायावर तयार आहे, पण पहिला मान त्याला द्यायचा नाही, असं तिने मला हसत हसत सांगितलं.