फळकुटावरची चित्रं आणि आमचे दाजी

प्रश्न असा आहे: "हिवाळ्यात दोन महिने बेळगाव भागात राहून, फिरत-खात लाकडाच्या लहान तुकड्यांवर चित्रं काढायची आहेत. लाकूड कोणतं घेऊ? आणि एवढ्या लहान चित्रांना कुणी मानतं का?"

दुसरा प्रश्न मला झोंबला, म्हणून तो आधी. नाही मानत. निदान आमचे दाजी तरी मानत नाहीत.

दाजी ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झालेले. बेळगाव हे चित्रकार के. बी. कुलकर्णींचं गाव, चित्रकार रवी परांजपेही इथलेच, त्यामुळे चित्र म्हणजे ऑइलमधलं भरघोस पोर्ट्रेट, सोनेरी फ्रेम आणि कोपऱ्यात ऐटदार सही, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. संक्रांतीला मी बेळगावातल्या शहापूरला ताईकडे गेले होते. हिवाळाभर काढलेली पोस्टकार्डाएवढी चित्रं पिशवीतून काढून कॉटवर मांडली. हलशी, कणकुंबी, गोकाक, एक आठवडी बाजार. दाजींनी हलशीचं उचललं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे चित्र हाय, का कपाखाली ठेवायचं?" एवढ्यावर थांबले नाहीत. चहाचा कप खरोखरच त्यावर ठेवला! वॉर्निश मारायचं बाकी होतं. कप उचलला तर भुवराह-नरसिंहाच्या देवळाच्या शिखरावर ओलं गोल कडं. ताई ओरडली, "ओ, काय करायलासा!" आणि पदरानं पुसायला धावली, त्यात आभाळाचा निळा थोडा पसरला. बाकी मंडळी शेंगापोळीवर तूप ओतत हसत होती.

पाव्हण्यांसमोर मी गप्प बसले. तेव्हा राहिलेलं आता बोलते. दाजी, मोनालिसा कॅनव्हासवर नाही. पॉप्लरच्या लाकडाच्या फळीवर आहे, उंची ७७ सेंटीमीटर, रुंदी ५३. म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या आजोबांच्या पोर्ट्रेटपेक्षा लहानच. कॅनव्हास युरोपात सर्रास वापरात यायच्या आधी तिथले मोठमोठे चित्रकार फळीवरच रंगवत होते.

यावर दाजींचं ठरलेलं उत्तर असतं: "ते इटलीत. आमच्या पावसात टिकेल का?" हा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तुमच्या लाकडाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ते फुगतं आणि आकसतं ते लाकडातल्या रेषांच्या आडवं, रुंदीला. जानेवारीच्या कोरड्या हवेत रंगवलेली फळी जुलैत फुगणारच. पण ही हालचाल रुंदीच्या प्रमाणात असते. दोन फुटी फळी वाकते, तडकते. चार-पाच इंची तुकड्यात अगदी थोडा फरक पडतो. म्हणजे आमच्याकडच्या पावसात लाकडावर काढायचं तर लहानच काढावं. मोठं काढता येत नाही म्हणून लहान काढते, हा दाजींचा लाडका सिद्धांत इथेच निकालात निघतो.

लाकूड म्हणाल तर मी फणसाचं वापरते. त्याचा पिवळा रंग पाण्यात उतरतो (बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवायला वापरायचे तोच), म्हणून जेसोच्या (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराच्या) आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख मारायची. पुढून, मागून आणि कडांनाही. पुढूनच मारली आणि पाठ कोरी ठेवली, तर दोन्ही बाजू सारखा ओलावा घेत नाहीत आणि तुकडा वाकतो. सागवान तेलकट असतं, रंग धरत नाही, आधी स्पिरिटनं पुसून घ्या. आंब्याला भुंगा लागतो. एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं) नाव माझ्यासमोर काढू नका, कडेला पाणी लागलं की फुलून येतं. पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनंच फिरवायचा, हे सांगायला नको.

फिरण्याचं म्हणाल तर पुण्या-मुंबईची मंडळी गोकाकच्या धबधब्याला पावसाळ्यात गर्दी करतात. चित्रकारानं डिसेंबरात जावं. ५२ मीटरचा कडा, धार बारीक झालेली, त्यामुळे खडकाचे थर नीट दिसतात. नुसता पांढरा फेस रंगवण्यात काय मजा? येताना करदंट (डिंक-सुक्यामेव्याची गोकाकची मिठाई) घ्या, डिंक जास्त असलेला. हलशीला खानापूर-नंदगडवरून जा. समोरासमोर दोन गाभारे असलेलं देऊळ आहे, दुपारनंतर बसा. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला पहाटेचं धुकं सुंदर असतं, पण ॲक्रिलिक दहा अंशांच्या खाली नीट जमत नाही, थर ठिसूळ होतो. तिथे पहाटे पेन्सिल चालवा, रंग उन्हं आल्यावर.

खाण्यावर लिहायला बसले तर रंग राहूनच जातील. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी कुणाच्या तरी घरी मिळवा, हॉटेलात नाही. रताळी चुलीच्या राखेत भाजलेली. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, ताजा असेल तरच. हुरडा मिळाला तर त्या दिवशी चित्राला सुट्टी.

चार गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. ऑइल वापरणार असाल तर थंडीत सुकायला फार वेळ लागतो, आणि वॉर्निशला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. म्हणून फिरतीवर ॲक्रिलिकच न्या, ते काही दिवसांत वॉर्निश घेतं. टर्पेंटाइन वापरताना थंडी वाजते म्हणून लॉजची खिडकी बंद करू नका. घासताना तोंडाला रुमाल बांधा. आणि वखारीतला तुकडा ओला असेल तर तो या हिवाळ्यात वापरायचाच नाही, वर्षभर माळ्यावर टाका. तोवर सुताराकडे जुन्या दारा-खिडक्यांचे तुकडे मागा. ते लाकूड कधीच मुरलेलं असतं, आणि मोडीत जाणारं म्हणून स्वस्तात देतो.