मोठ्यांचा मांगा: सेइनेनबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सेइनेन मांगावर प्रश्न मागवले होते. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, आणि सेइनेन म्हणजे जपानमध्ये मोठ्या पुरुष वाचकांसाठी जी मांगा मासिकं-साप्ताहिकं निघतात त्यांच्यावर आणि त्यातल्या मालिकांवर. पत्रं खूप आली, त्यातले काही प्रश्न घेतोय, आणि पहिल्याला जास्त जागा देतोय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याने 'बर्सर्क' नावाचं जाडजूड कॉमिक ऑनलाइन मागवलं. मी नेटवर शोधलं तर लिहिलंय 'प्रौढ पुरुषांसाठी'. म्हणजे अश्लील असतं का हे? बंद करायला सांगू का? (एक आई, कोल्हापूर)

ताई, आधी ते 'प्रौढ पुरुषांसाठी' काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण निम्मी भीती तिथूनच आलीय. जपानमध्ये बहुतेक मांगा आधी मासिकात किंवा साप्ताहिकात क्रमशः येतो आणि मग त्याची पुस्तकं निघतात. आणि एकच प्रकाशक वेगवेगळ्या वयाच्या वाचकांसाठी वेगवेगळी मासिकं काढतो, आपल्याकडे कसं एकाच घरातून 'किर्लोस्कर', बायकांसाठी 'स्त्री' आणि तरुणांसाठी 'मनोहर' निघायचं, तसंच. शुएइशाचं शाळकरी मुलांसाठी 'शोनेन जंप' आहे तर कॉलेजच्या पुढच्यांसाठी 'यंग जंप', कोदान्शाचं मुलांसाठी 'शोनेन मॅगझिन' आणि मोठ्यांसाठी 'यंग मॅगझिन', 'मॉर्निंग', 'आफ्टरनून'. तेव्हा सेइनेन म्हणजे अमुक मालिका मोठ्यांच्या मासिकात छापून आली, बस एवढंच. आत काय आहे ते त्या शब्दावरून कळत नाही. आत ऑफिस असेल, स्वयंपाक असेल, खून असेल, बुद्धिबळ असेल, काहीही. खरोखरच अश्लील असलेली कॉमिक्स तिकडे वेगळी निघतात, त्यांच्यावर १८ वर्षांवरचं चिन्ह असतं आणि दुकानात ती वेगळी ठेवतात. हां, यातल्या काही साप्ताहिकांच्या सुरुवातीला बिकिनीतल्या मॉडेल्सचे फोटो असतात हे खरंय, पण पुस्तक निघतं तेव्हा त्यात फक्त मालिका असते.

आता बर्सर्कचं. केंतारो मिउरांनी १९८९ साली हे सुरू केलं आणि पुढे ते 'यंग अ‍ॅनिमल'मध्ये येत राहिलं. मला स्वतःला हे फार मोठं काम वाटतं, एकेका पानावरचं चिलखत, घोडे, किल्ले बघत बसावं असं, आणि त्या गट्सच्या, म्हणजे नायकाच्या, आयुष्यात मैत्री आणि विश्वासघात ज्या ताकदीने येतो तसं मी फार कमी ठिकाणी वाचलंय. पण तुम्ही आई म्हणून विचारताय म्हणून स्पष्ट सांगतो, त्यात रक्तपात तर आहेच पण बलात्काराचे प्रसंगही आहेत, उघडे आणि लांब. इंग्रजी आवृत्ती काढणारे डार्क हॉर्सवाले स्वतःच त्यावर १८+ छापतात. त्यामुळे अकरावीतल्या मुलाने हे दोन वर्षांनी वाचावं असं माझं मत आहे.

पण ताई, हिसकावून घेऊ नका प्लीज. त्याच्यासोबत बसून बोला, त्याला यात काय आवडलं ते विचारा, मुलं सांगतात नीट विचारलं तर. आणि त्याला त्याच 'यंग अ‍ॅनिमल'मधलीच दुसरी मालिका द्या, चिका उमिनो यांची 'मार्च कम्स इन लाइक अ लायन'. २००७ पासून चालू आहे. सतरा वर्षांचा अनाथ मुलगा, शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ व्यावसायिक पातळीवर खेळणारा, एकटाच राहतो, आणि नदीपलीकडच्या घरातल्या तीन बहिणी त्याला हळूहळू आपल्या जेवणाच्या टेबलाशी ओढून घेतात. त्यातल्या मधल्या बहिणीला शाळेत मुली त्रास देतात तो भाग तर प्रत्येक पालकाने वाचावा, शिक्षकांनीही. एकाच अंकात बर्सर्क पण आणि हे पण, यावरूनच कळेल की लेबल बघून काही ठरवता येत नाही, प्रत्येक मालिका वेगळी बघावी लागते.

मोठ्या माणसांनी कॉमिक्स वाचायची ही सवय जपानमध्येच एवढी का लागली? (एक वाचक, नागपूर)

कारण वाचक मोठे झाले आणि प्रकाशकांनी त्यांना सोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ ते ४९ या काळात जपानमध्ये प्रचंड मुलं जन्माला आली. ही पिढी दहा-बारा वर्षांची होती तेव्हा, १९५९ मध्ये, 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिकं निघाली. हीच मुलं विशीला आली तेव्हा १९६७ ला फुताबाशाने 'मांगा अ‍ॅक्शन' काढलं आणि १९६८ ला शोगाकुकानने 'बिग कॉमिक'. तारखा नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी लक्षात येतं.

पण फक्त धंद्याचं गणित नव्हतं ते. त्याच्या आधीपासून भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी काम करणारे काही चित्रकार होते, त्यांना मुलांच्या गमतीजमती काढायच्या नव्हत्या, गुन्हे, गरिबी, शहरातला एकटेपणा असलं काढायचं होतं. योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ मध्ये या प्रकाराला गेकिगा असं नावही दिलं. मग १९६४ ला 'गारो' मासिक आलं, त्यात सांपेइ शिराटोंची 'कामुइ-देन' ही जातीपातीची आणि शेतकऱ्यांच्या उठावांची मालिका चालायची आणि कॉलेजची पोरं, त्या काळात आंदोलनं करणारी, ती वाचायची. म्हणजे मोठ्यांसाठी चित्रांतून गंभीर सांगता येतं हे आधीच सिद्ध झालं होतं, मोठे प्रकाशक मागून आले.

पुढे वाचक नोकरीला लागले तर त्यांच्यासाठी ऑफिसच्या गोष्टी आल्या. केन्शी हिरोकाने यांनी १९८३ ला 'मॉर्निंग'मध्ये 'शिमा कोसाकु' सुरू केलं. हिरोकाने आधी स्वतः मात्सुशिता या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरीला होते आणि त्यांचा नायकही तसल्याच कंपनीत विभागप्रमुख, मग बढती, बदली, गटबाजी, आणि २००८ ला चक्क कंपनीचा अध्यक्ष, आणि वय वाचकांसारखंच वाढत गेलेलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे कॉमिक्स वाचणारा मुलगा दहावीला गेला की त्याच्यासाठी पुढचं काही नसायचं, तिथे मात्र बारा वर्षांच्या मुलापासून रिटायर झालेल्या माणसापर्यंत प्रत्येकासाठी काही ना काही निघत राहिलं.

गोल्गो १३ पन्नास वर्षांच्या वर चालू आहे म्हणतात, लिहिणारा तर वारला ना? (एक वाचक, सोलापूर)

हो, ताकाओ साइतो सप्टेंबर २०२१ मध्ये गेले. पण मालिका चालू आहे, कारण त्यांनी सुरुवातीपासून कामाची पद्धतच वेगळी ठेवली होती. एकट्याने सगळं करायचं नाही, कथा लिहिणारे वेगळे, पार्श्वभूमी काढणारे वेगळे, अख्खी टीम, आणि आपल्यामागेही हे चालू राहावं अशी त्यांचीच इच्छा होती. १९६८ पासून 'बिग कॉमिक'मध्ये आहे, एक भाडोत्री नेमबाज आणि भोवती त्या त्या काळातलं जगाचं राजकारण. २०२१ मध्येच, २०१ व्या पुस्तकानंतर, सगळ्यात जास्त खंडांची मांगा मालिका म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली.

बर्सर्कच्या बाबतीत उलटं झालं, मिउरा २०२१ च्या मे महिन्यात अचानक गेले, वय फक्त ५४, गोष्ट अर्धवट. मग त्यांचा शाळेपासूनचा मित्र कोउजी मोरी, तोही मांगाकारच, त्याला मिउरांनी शेवटापर्यंतची गोष्ट सांगून ठेवली होती, तो आणि मिउरांचे सहायक मिळून २०२२ पासून पुढचं करतायत. मित्राने सांगितलं होतं तेवढंच काढायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही असं ठरवून. मित्राची गोष्ट अशी पुढे न्यायची म्हणजे किती अवघड काम असेल, मला तर विचार करूनच गलबलून येतं.

शिनचॅन हा मुलांसाठी नव्हताच असं माझा रूममेट म्हणतो. खरं का? (एक विद्यार्थी, औरंगाबाद)

खरं आहे. योशितो उसुइंनी १९९० मध्ये तो 'मांगा अ‍ॅक्शन'मध्ये सुरू केला, वर म्हटलं तेच मोठ्यांचं साप्ताहिक. कार्टून १९९२ ला आलं आणि मग मुलांनी तो आपला केला. आपल्याकडे २००६ पासून 'हंगामा' टीव्ही चॅनलवर हिंदीत दिसायला लागला तेव्हा घराघरात आया वैतागल्या होत्या, पण मूळ विनोद होता तो आईबापांसाठीच, घराचं कर्ज, नवऱ्याची दमलेली अवस्था, मुलगा चारचौघांत काहीतरी बोलून जातो तेव्हाची लाज. आता परत बघ, आईवडिलांच्या बाजूने बघ.

मी बाई आहे, चाळिशीची, आणि मला याच मालिका आवडतात. दुकानात विचारायला संकोच वाटतो, पुरुषांसाठीच आहे ना सगळं? (एक वाचक, मडगाव)

अजिबात संकोच नको. मासिक कोणासाठी निघतं ते मासिकाने ठरवलं, वाचणारे कोण ते वाचणारेच ठरवतात, आणि जपानमध्येही ही मासिकं भरपूर बायका वाचतात. शिवाय लिहिणाऱ्याही आहेत! रुमिको ताकाहाशींचं उदाहरण घ्या, ऐंशीच्या दशकात त्या एकीकडे 'शोनेन संडे'मध्ये मुलांसाठी 'उरुसेइ यात्सुरा' करत होत्या आणि त्याच वेळी त्याच प्रकाशकाच्या 'बिग कॉमिक स्पिरिट्स'मध्ये 'मेझों इक्कोकु', एका जुन्या चाळवजा घराची तरुण विधवा मॅनेजर आणि तिथे राहणारा, परीक्षेत नापास होत राहणारा मुलगा यांची गोष्ट, सात वर्षं चाललेली. फुमी योशिनागांची 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे' २००७ पासून 'मॉर्निंग'मध्ये आहे, दोन मध्यमवयीन पुरुष, एक वकील एक केस कापणारा, एकत्र राहतात आणि रोज रात्री काय शिजवलं त्याचं वर्णन, भाव बघून घेतलेल्या भाज्यांपासून. पुरुषांच्या मासिकात, एका बाईने, समलिंगी जोडप्याच्या रोजच्या संसारावर लिहिलेलं.

आणि एक नाव तुम्हाला मुद्दाम सांगतो, फुमियो कोउनो. जन्म हिरोशिमाचा, १९६८ चा. त्यांची 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' २००७ ते ०९ मध्ये 'मांगा अ‍ॅक्शन'मध्येच आली, म्हणजे शिनचॅनच्याच घरात. सुझु नावाची चित्रं काढणारी मुलगी लग्न होऊन हिरोशिमाहून कुरे या नौदलाच्या गावी जाते, युद्धाचा काळ, रेशनमध्ये काय मिळतं, रानातल्या कुठल्या पाल्याची भाजी करायची, सासर, नणंद, आणि वरून विमानं. बॉम्बबद्दल आपण आकडे वाचलेले असतात, इथे ते घरच्या चुलीजवळून दिसतं. २०१६ ला सिनेमाही निघाला पण पुस्तक आधी वाचा, त्यात पेन्सिल, ब्रश असं करत कोउनोंनी चित्रांची पद्धतच बदलत नेलीय आणि एका ठिकाणी त्याचं कारण कळतं तेव्हा हात थांबतो.

वय ४१, लहानपणी टीव्हीवर ड्रॅगन बॉल बघितलंय तेवढंच. कुठून सुरू करू? वेळ फक्त लोकलमध्ये. (एक वाचक, ठाणे)

'मॉन्स्टर'पासून करा. नाओकी उरासावा, १९९४ ते २००१, 'बिग कॉमिक ओरिजिनल'. ड्युसेलडॉर्फमधला एक जपानी मेंदूचा सर्जन, तेन्मा, वरिष्ठांचा आदेश मोडून शहराच्या महापौराऐवजी आधी आलेल्या एका लहान मुलाचं ऑपरेशन करतो, मुलगा वाचतो, आणि काही वर्षांनी डॉक्टरला कळतं आपण कोणाला वाचवलं. फक्त एक सांगतो, ठाण्याला उतरायचं लक्षात ठेवा. १८ पुस्तकं आहेत, इंग्रजीत ९ जाड खंडांत मिळतात, आणि मालिका पूर्ण झालेली आहे हे महत्त्वाचं.

मोठं नको असेल तर माकोतो युकिमुरांचं 'प्लॅनेटीस', अंतराळातला कचरा गोळा करणाऱ्या कामगारांवर, चार खंडांत संपतं. ते आवडलं तर त्यांचंच 'विनलंड सागा', व्हायकिंग लोकांचं. हे २००५ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात सुरू झालं पण दर आठवड्याचा वेग झेपेना म्हणून त्याच वर्षी 'आफ्टरनून' या मासिकात हलवलं आणि माझ्या मते त्यामुळेच ते एवढं चांगलं झालं. आधी सूड आणि लढाया, आणि मग तोच तलवारबाज पोरगा गुलाम म्हणून शेतावर जंगल साफ करतोय, माती उकरतोय, आपण मारलेली माणसं त्याला स्वप्नात दिसतायत. ही मालिका २०२५ मध्ये पूर्ण झाली. 'वॅगाबाँड' ही सामुराईची मालिका सगळेच सुचवतील, चित्रं अप्रतिम आहेत, पण २०१५ पासून थांबलंय ते थांबलंयच, तेवढी तयारी ठेवून हातात घ्या.

फुकट साइटवर सगळं मिळतं, मग विकत का घ्यायचं? कॉलेजात आहे, पैसे नसतात. (एक विद्यार्थी, पुणे)

पैसे नसतात हे समजतं रे, खरंच. पण मासिक पानांमागे जे पैसे देतं त्यातले बरेचसे सहायकांच्या पगारात जातात, मांगाकाराच्या हातात खरं काही येतं ते पुस्तकं विकली गेल्यावर, म्हणून फुकट साइट टाळ. त्यापेक्षा शुएइशाचं 'मांगा प्लस' अ‍ॅप बघ, २०१९ पासून आहे, बऱ्याच मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणं फुकट आणि अधिकृत मिळतात. बाकीच्यांसाठी तीन-चार मित्रांनी मिळून एकेक खंड घ्या आणि फिरवा. आणि कॉलेजच्या लायब्ररीत मागणीचं रजिस्टर असतं त्यात 'मॉन्स्टर'चा पहिला खंड लिहून ये, दोघातिघांनी वेगवेगळं लिहिलं तर जास्त चांगलं.