बरा आहेस तोवरच डॉक्टर गाठ

अरे,

आता छान वाटतंय तर मँचेस्टरला जायच्या आधी लिथियम बंद करून टाकू का, असं तू विचारलंस. खरं सांगू, वाचून आधी राग आला आणि मग पोटात गोळा आला. नाही करायचं बंद. मन कधी अति उसळतं, कधी पार खचतं अशा या बायपोलर आजारात लिथियम अचानक सोडलं की आजार उलटून यायचा धोका वाढतो, आणि तू ते सोडायला निवडलायस कुठला काळ, तर विमानातली अर्धवट झोप, नवी खोली, पहिल्या असाइनमेंट आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत मावळणारा सूर्य. डोस बदलायचाच असेल तर सांगलीत, तुझ्या डॉक्टरांसमोर, आई घरात असताना.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. तू बरा आहेस ना आत्ता, मग बरा असतानाच तिकडचा डॉक्टर गाठ.

आपल्याकडं काय होतं, रात्री झोप उडाली की सकाळी आई फोन करते, संध्याकाळी तुम्ही दोघं सायकियाट्रिस्टच्या बाहेर बाकावर बसलेले असता. चिठ्ठी कुणाची लागत नाही, फी भरली की आत. आणि आत तू कमी बोलतोस, आईच सगळं सांगते. इंग्लंडमध्ये हे असं चालत नाही. तिथं आधी जीपीकडं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवायचं, जीपी तुला मानसोपचारांच्या टीमकडं पाठवणार, आणि त्यात आठवडे जातात, कधी महिने. टॉकिंग थेरपीला, म्हणजे बोलून करायच्या उपचारांना, थेट स्वतः नाव देता येतं हे तू वाचलंयस, बरोबर आहे, पण ती सेवा मुख्यतः डिप्रेशन आणि अँग्झायटीसाठी आहे, बायपोलरवाल्याला बहुतेक वेळा पुढंच पाठवतात. व्हिसाबरोबर वर्षाचे ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज भरलायस तो याच एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, म्हणजे हक्क आहे तुझा, उपकार नाही. फक्त हा हक्क रांगेतून मिळतो आणि रांगेत बरं असतानाच उभं राहायचं असतं. आजारी माणसाला रिसेप्शनिस्टशी फोनवर धड बोलता येत नाही रे.

माझं आजारपण तिकडं पहिल्यांदा उसळलं तेव्हा माझं नाव कुठल्याच मानसोपचार टीमकडं नव्हतं. नवरा रात्रभर फोनवर होता, एकजण दुसऱ्याचा नंबर देतोय, दुसरा म्हणतोय आमच्याकडं हिची काही नोंदच नाही. शेवटी पोलीस आले. ती रात्र त्याच्या मनातून अजून गेलेली नाही आणि मला वाईट वाटतं ते त्याचंच.

म्हणून फाइल. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेलं पत्र घे: निदान काय, कधीपासून, आधी कुठली औषधं देऊन बघितली, कशानं त्रास झाला, आत्ताचा डोस किती. औषधाचं नाव सॉल्टचं, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं, लिहून घे, आपले ब्रँड तिथं कुणाला कळत नाहीत. लिथियमच्या बाबतीत तर ब्रँडनुसार ते शरीरात किती शोषलं जातं हेसुद्धा बदलतं, त्यामुळं तिकडची गोळी सुरू झाली की रक्तातली लिथियमची लेव्हल परत तपासावीच लागणार, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त देऊन. किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियमचे रिपोर्ट बरोबर ठेव. गोळ्या हँडबॅगेत, मूळ पाकिटात. आणि आई जो औषधांचा डबा भरून देईल त्यातलं कॉम्बिफ्लाम काढून ठेव, त्यात आयब्युप्रोफेन आहे, त्यानं लिथियमची लेव्हल वर चढते. ताप-डोकेदुखीला साधी पॅरासिटामॉल. झोपेसाठी कुणी इटिझोलाम दिली असेल तर तीही नको, आपल्याकडं सर्रास लिहून देतात पण ब्रिटनमध्ये २०१७ पासून ती क्लास सी ड्रग, म्हणजे कायद्यानं नियंत्रित औषध आहे.

पोचलास की पहिल्या आठवड्यात जीपी. बँकेच्या आधी, सिमकार्डच्या मागोमाग. गोळ्या संपत आल्यावर नाही. इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड पडतात, त्याला घाबरून इथून कुरिअरनं गोळ्या मागवत बसू नकोस, कारण गोळ्या येतील पण लेव्हल कोण बघणार?

आता आईचं. ती म्हणते तिकडं कुणाला सांगू नकोस. तिचं मन मला कळतं. पण ऐक, तिथं तू सज्ञान आहेस, डॉक्टर एरवी तुझ्या परवानगीशिवाय तिला काही सांगणार नाहीत. आणि १९८३च्या त्यांच्या मानसिक आरोग्य कायद्यात जो ‘जवळचा नातेवाईक’ धरतात ना, त्यात तिथं राहणाऱ्या पेशंटचे देशाबाहेरचे नातेवाईक मोजतच नाहीत, म्हणजे तुला कधी जबरदस्तीनं ॲडमिट करायची वेळ आली तर सांगलीतल्या तुझ्या आईला त्या कागदावर जागाच नाही. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात तू स्वतःचा प्रतिनिधी नेमू शकतोस आणि आगाऊ सूचनाही लिहून ठेवू शकतोस, पण तो कागद तिथं बंधनकारक नाही. तरी लिही. तुझं बिघडायला लागलं की आधी काय दिसतं, कुठलं औषध चालतं, कुठलं नको, कुणाला फोन करायचा. जीपीला दे, आईशी बोलायची लेखी परवानगीही दे, आणि एक प्रत रूममेटपैकी ज्याच्यावर विश्वास बसेल त्याला. हे सगळं कधी? बरा असतानाच.

युनिव्हर्सिटीलाही सांग. तिथल्या २०१०च्या इक्वालिटी ॲक्टमध्ये दीर्घकाळचा मानसिक आजार डिसॅबिलिटीत बसतो, परीक्षेला सवलत, डेडलाइनला मुदत असे वाजवी बदल करणं त्यांना भाग आहे. पण आधी कळवलेलं असलं तर. नापास झाल्यावर फाइल काढून दाखवणाऱ्याचं काम फार अवघड होतं.

मी उघड बोलले म्हणून धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, असं घरात अजून म्हणतात. तिला सोसावं लागलं, त्याची खंत मला आहे आणि राहील. पण गप्प राहायला हवं होतं हे मी मान्य करणार नाही, कधीच नाही. मी बोलले म्हणून दुसऱ्या वेळी टीम घरी आली, पोलीस नाही. माझ्या मुलांनी मला घरातच बरं होताना बघितलं. यासाठी मला कुणी हट्टी म्हणत असेल तर म्हणू दे.

तू घाबरून जाणं रद्द करशील म्हणून हे लिहीत नाहीये, जा तू, नक्की जा, तिथं लिथियमवर कितीतरी लोक नोकऱ्या करतात, संसार करतात. तूही करशील. पण ‘गेल्यावर बघू’ हे तू दोनदा लिहिलंयस आणि तेच मला खटकलं. गेल्यावर नाही बघायचं.

या आठवड्यात लेव्हल करून घे, डॉक्टरांकडं पत्राचं बोल, मसुदा मला पाठव, काही राहिलं असेल तर सांगते. आणि आईला माझा नंबर दे, तिच्याशी मी बोलते.

मावशी