उलुरूवर चढता येत नसेल, तर तिथपर्यंत जाण्यात अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की येत्या जानेवारीत आपण सिडनीला मुलाकडे जाणार आहात, दहा वर्षांची नात सोबत असेल, आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या वाळवंटातला उलुरू हा प्रचंड खडक पाहण्याचा विचार आहे. परंतु आता त्यावर चढू देत नाहीत आणि काही बाजूंचे फोटोही काढू देत नाहीत, तर एवढा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का, आणि गेल्यास एक दिवस पुरेल का. माझे उत्तर असे आहे की अवश्य जावे, एका दिवसात उरकू नये, आणि शक्य असेल तर जानेवारी टाळावा. यातले पहिले सविस्तर सांगते, कारण आपल्या प्रश्नातली शंका मलाही जाण्यापूर्वी होती.

मी नाशिकची. लहानपणापासून सह्याद्रीत फिरत आले आहे. आपल्याकडे डोंगरावर देव असेल तर वर जाणे हीच भक्ती मानली जाते. कळसूबाईला जायचे तर लोखंडी शिड्या चढून आणि साखळ्या धरून १६४६ मीटर उंचीवरच्या देवळापर्यंत पोहोचायचे, आणि न पोहोचता परतलो तर दर्शन राहिले असे म्हणायचे. त्यामुळे एखादी जागा पवित्र आहे म्हणून तिच्यावर चढू नये, ही गोष्ट मला आधी केवळ नियम म्हणून समजली होती. तिचा अर्थ तिथे गेल्यावर कळला.

उलुरू ही अनंगू लोकांची भूमी आहे. ते पिजांजजारा आणि यांकुनिजजारा या भाषा बोलतात, आणि त्यांच्या जीवनाचा आधार असलेल्या गोष्टीला ते ‘जुकुर्पा’ म्हणतात. या शब्दाचे इंग्रजीत ‘स्वप्नकाळ’ अशा अर्थाचे भाषांतर बरीच वर्षे रूढ होते, पण त्याने दिशाभूल होते, कारण जुकुर्पा म्हणजे स्वप्न नव्हे आणि संपून गेलेला काळही नव्हे. आदिपुरुषांनी आणि आदिस्त्रियांनी ही भूमी घडवली ती कथा, त्या कथेतून आलेला आचारधर्म, कोणी कोणाशी कसे वागावे याचे नियम, पाणी कुठे मिळेल आणि कोणते कंद केव्हा खावेत याचे ज्ञान, हे सर्व मिळून जुकुर्पा होतो, आणि तो आजही चालू आहे. खडकावरची प्रत्येक भेग, गुहा आणि डाग त्या कथेचा भाग आहे. चढाईची वाट ज्या कड्यावरून जात असे, ती माला पुरुषांनी, म्हणजे एका लहान कांगारूसदृश प्राण्याच्या रूपातल्या पूर्वजांनी, इथे आल्यावर वर जाण्यासाठी वापरलेली वाट आहे असे अनंगू मानतात. म्हणून ते स्वतः तिथून चढत नाहीत आणि पाहुण्यांनीही चढू नये असे त्यांना वाटत असे.

इतिहासही पाहावा. १८७३ मध्ये विल्यम गॉस या सर्वेक्षकाने हा खडक पाहिला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन मुख्य सचिव हेन्री आयर्स यांचे नाव त्याला दिले. त्याच्यासोबत वर चढलेला कामरान हा उंटवाला होता. (त्या काळी ऑस्ट्रेलियात ‘अफगाण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंटवाल्यांपैकी अनेक जण बलुचिस्तान, पंजाब, पेशावर अशा भागांतून गेलेले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) पुढे पर्यटक वाढले, १९६४ मध्ये चढाईच्या वाटेवर साखळी बसवली गेली आणि १९७६ मध्ये ती आणखी वर नेली गेली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ही जमीन अनंगूंना परत केली, परंतु त्याच दिवशी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी पुन्हा घेतली, आणि चढाई चालू राहिली पाहिजे ही अट त्या व्यवहारात होती. म्हणजे मालकी मिळाली, पण आपल्या घराच्या छपरावर कोणी चढावे हे ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही. त्यानंतर अनेक वर्षे वाटेच्या तोंडाशी ‘कृपया चढू नका’ अशी विनंती करणारा फलक होता आणि त्याच्या शेजारून लोक चढत होते. लांबून त्यांची रांग मुंग्यांसारखी दिसे, म्हणून अनंगू पर्यटकांना ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या, म्हणू लागले.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून या चढाईत किमान ३७ माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याची जबाबदारी आपली, अशी अनंगूंची भावना असल्याने प्रत्येक मृत्यूचे दुःख आणि ओझे त्यांच्यावर येत असे. शिवाय वर शौचालय नव्हते, आणि माणसांनी केलेली घाण पावसाबरोबर पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरत असे. अखेर १ नोव्हेंबर २०१७ रोजी उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळाने एकमताने निर्णय घेतला, आणि जमीन परत मिळाल्याच्या वाढदिवशी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, चढाई कायमची बंद झाली. त्याआधीच चढणाऱ्यांचे प्रमाण एकूण पर्यटकांच्या २० टक्क्यांच्या खाली आले होते, हे मला विशेष वाटते. बहुतेकांनी सक्ती होण्यापूर्वीच ती विनंती ऐकली होती.

मग तिथे करायचे काय, तर प्रदक्षिणा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्या आमच्या नाशिककरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. उलुरूच्या पायथ्याभोवतीची वाट सुमारे १०.६ किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट आहे. आम्हाला तिला चार तास लागले, आणि ते चार तास माझ्या सर्व प्रवासांतले सर्वांत भरलेले तास होते. छायाचित्रांत हा खडक एकसंध, गुळगुळीत ढिगासारखा दिसतो, पण जवळ गेल्यावर त्यात घळी, पन्हळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके, लाटेसारख्या वळलेल्या गुहा आणि पावसाच्या पाण्याने ओढलेले काळे पट्टे दिसतात. भोवतालच्या मैदानापासून तो ३४८ मीटर उंच आहे. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी डोंगरांची झीज होऊन साचलेल्या वाळूचा तो दगड आहे, आणि भूगर्भातल्या हालचालींनी त्याचे थर जवळजवळ उभे झाले आहेत. आतला ताजा दगड राखाडी असतो. त्यातल्या लोहाला हवा-पाणी लागून वरचा भाग गंजतो, त्याचा तो लाल रंग.

आता फोटोंविषयी. बंदी सर्वत्र नाही, केवळ काही स्थळांपुरती आहे. ईशान्येकडच्या बाजूला ती अधिक आहेत आणि तिथे वाटेवर स्पष्ट फलक आहेत. यामागचे कारण मला फार महत्त्वाचे वाटले. काही स्थळे केवळ पुरुषांच्या विधींची आहेत, काही केवळ स्त्रियांच्या, आणि तिथल्या दगडाची घडण हाच त्यांचा ग्रंथ आहे. तो कोणी, केव्हा आणि कुठे उभे राहून वाचावा हे ठरलेले आहे. आपण काढलेला फोटो जगभर फिरला तर तो ज्याने पाहायचा नाही अशा अनंगू व्यक्तीच्याही नजरेस पडेल, आणि तिच्या हातून नकळत मर्यादा मोडली जाईल. गाभाऱ्यात फोटो काढू नये हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. इथे गाभारा उघड्यावर आहे, एवढाच फरक. पहाटेच्या गारठ्यात त्या बाजूने चालताना मी फोन पिशवीत ठेवून दिला, आणि पुढचा मोठा टप्पा आम्ही मायलेकी काही न बोलता चाललो.

सांस्कृतिक केंद्र आधी पाहावे आणि मग प्रदक्षिणेला जावे, हा क्रम उलट करू नये. १९९५ मध्ये उघडलेली ही मातीच्या विटांची इमारत दोन सर्पांच्या आकारात बांधलेली आहे, आणि त्या दोघांची गाठ पुढे वाटेवर पडते. पश्चिमेला काटा जुटा हा ३६ घुमटांचा समूह आहे. त्याचा सर्वांत उंच घुमट उलुरूहूनही उंच, मैदानापासून ५४६ मीटर आहे. तो पुरुषांच्या पवित्र ज्ञानाशी जोडलेला असल्याने त्याच्या कथा पाहुण्यांना मुळीच सांगितल्या जात नाहीत. मला सुरुवातीला याची रुखरुख लागली, पण तिथे अर्धा दिवस काढल्यावर ती उरली नाही. एखाद्या समाजाने आपल्याजवळचे काही आपल्यापुरतेच ठेवले, आणि शेकडो मैलांवरून आलेल्या माणसालाही शांतपणे नाही म्हटले, याचा मला आदरच वाटला.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. मे ते सप्टेंबर हा चांगला काळ आहे. आम्ही २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा दुपार सुखाची होती आणि पहाटे हातमोजे लागले. जानेवारीत पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हाच जायचे असेल तर उद्यान पहाटे ५ वाजता उघडताच आत शिरावे, ११ वाजण्यापूर्वी चालणे संपवावे आणि नातीला पूर्ण प्रदक्षिणा घडवण्याचा आग्रह धरू नये. माला आणि कुनिया या दोन छोट्या वाटा तिला पुरेशा आहेत. तापमान ३६ अंश किंवा त्याहून अधिक जाण्याचा अंदाज असेल त्या दिवशी काटा जुटातली वाऱ्यांच्या दरीची वाट सकाळी ११ नंतर पहिल्या टप्प्यापलीकडे बंद होते. पाणी भरपूर न्यावे, आणि माश्यांपासून चेहरा वाचवणारी जाळीची टोपी युलारातच विकत घ्यावी. सर्व मुक्काम युलारा या वसाहतीतच असतो. उद्यानात राहता येत नाही आणि ड्रोन उडवता येत नाही. सिडनीहून थेट विमान आहे. अॅलिस स्प्रिंग्जहून मोटारीने आल्यास साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते, आणि तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येत असल्याने अंधारात गाडी चालवू नये. वाटेत डावीकडे माउंट कॉनर हा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. आपल्या देशावरच्या एखाद्या डोंगरासारखा दिसणारा तो पाहून अनेक जण उलुरू आला असे समजतात. आम्हीही समजलो होतो. प्रवेशाचा तीन दिवसांचा पास आम्ही गेलो तेव्हा ३८ ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, १८ वर्षांखालील मुलांना तो लागत नव्हता, आणि त्या उत्पन्नातला चौथा हिस्सा अनंगूंकडे जातो. ते तीन दिवस पूर्ण वापरावेत.

तिथली लाल वाळू किंवा खडा आठवण म्हणून आणू नये. देवराईतली पडलेली काटकीही घरी आणत नाहीत, तसेच हे. लोकांनी नेलेले दगड क्षमेच्या पत्रांसह जगभरातून टपालाने उद्यानाकडे परत येत असतात, पण कोणता दगड कुठला होता हे कळणार कसे?

एक गोष्ट नातीसाठी. दक्षिणेच्या बाजूला मुटिजुलू नावाचा पाणवठा आहे. त्या वैराण प्रदेशात तिथे सावली आहे, झाडे आहेत, आणि बहुतेक वर्षभर पाणी असते. कुनिया ही अजगर स्त्री पूर्वेकडून आपली अंडी घेऊन इथे आली. तिच्या भाच्याला लिरू, म्हणजे विषारी सापांच्या टोळीने भाल्यांनी मारले, आणि ती खोदायची काठी हातात घेऊन त्यांना जाब विचारायला इथवर चालून आली. पुढे काय झाले ते पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या फलकांवर लिहिले आहे, आणि कड्यावर दोन लांब काळ्या भेगांच्या रूपाने समोर दिसते. ही कथा तिला घरी आधी सांगून ठेवू नका. तिथल्या बाकावर बसवून, त्या दोन भेगा समोर असताना वाचून दाखवा, आणि त्यासाठी सकाळचा एक तास मोकळा ठेवा.