न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमुळे आजूबाजूचा भाग खरंच सुधारला का?

हो, बऱ्याच अंशी. १९७० च्या दशकात ४२व्या रस्त्यालगतच्या या बागेत गर्दुल्ले आणि ड्रग्ज विकणारेच जास्त. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती लोखंडी कुंपण आणि दाट झुडपं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसायचंच नाही. शहरातल्या सार्वजनिक जागा लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी नेमकं हेच हेरलं. १९८८ ते १९९२ बाग बंद ठेवून झुडपं काढली, जाण्यायेण्याच्या वाटा मोकळ्या केल्या आणि सुट्या खुर्च्या ठेवल्या. खुर्ची ओढून सावलीत न्या, कोणी हटकत नाही! (आपल्याकडे बाकंसुद्धा सिमेंटात पुरतात.) लोक येऊ लागले तशी शेजारच्या ऑफिसांची भाडीही चढली. अर्थात श्रेय एकट्या बागेचं नाही. १९९० च्या दशकात शहरातली गुन्हेगारीही झपाट्याने घटली होती.